ढाल संपायच्या आदल्या दिवशी

बोलेरो दारात येऊन थांबली तेव्हा चंदना पडवीत बसून उद्यापासूनच्या पूजेचे तांदूळ निवडत होती. गाडीतून तिघे उतरले. पुढचा साठीचा, मिशा वर वळवलेल्या, अंगात कडक इस्त्रीचा सफारी. त्याने पायरीशी बूट काढले, टाचेला टाच लावून सरळ ठेवले आणि मागच्या दोघांनी चपला वेड्यावाकड्या टाकल्या म्हणून त्यांच्याकडे असं पाहिलं, की त्यांनी वाकून त्याही सरळ केल्या.

"जीएम सायेब हायत का घरात?"

"कोण?"

"जीएम पाटील सायेब. मी आकाराम. रिटायर हवालदार. लोणंदहून आलो. घरचा गणपती बसवला आणि तसाच निघालो. सायबांना एवढंच सांगा, लोणंद जंक्शन आलंय. लय अर्जंट हाय."

चंदनाने सूप बाजूला ठेवलं. घरात पाटील होते, साहेब कुणीच नव्हतं. सासरे, जिनदत्त अण्णा, सहा एकर ऊस आणि दीड एकर द्राक्षबाग बघत. नवरा भरतेश सांगलीला मार्केट यार्डात हळदीच्या अडतीवर बसे. धाकटा दीर जिनेंद्र साताऱ्याच्या एमआयडीसीत कामाला होता, पण तिथं त्यालाच दिवसातून दहा जणांना साहेब म्हणावं लागे.

"कारखान्याचे जीएम शोधताय का? ते वाळव्याच्या रस्त्याला राहतात."

"आमाला बी वाटत होतं कारखान्याचेच आसतील," आकाराम म्हणाला. "एवढं धान्य, एवढी शिस्त! चार वर्षं झाली, सायबांनी कवा सांगितलं न्हाई, आमी कवा विचारलं न्हाई. पत्ता तेवढा एकदा दिलेला, कुणाला द्राक्षाची रोपं पायजे हुती तवा." त्याने मोबाइल पुढं केला. पडद्यावर एक दगडी गढी होती, तिच्याभोवती हिरवीगार शेतं, आणि वर मराठीतच लिहिलं होतं: जीएम पाटील.

ते नाव चंदनानेच टाकलं होतं. लॉकडाऊनमध्ये सासूबाईंना करमेना म्हणून तिने त्यांच्या मोबाइलवर तो फुकटचा गढीचा खेळ उतरवून दिला होता. 'गुणमाला पाटील' एवढं मोठं नाव त्या चौकोनात मावेना, म्हणून तिने 'गुण'चा इंग्रजी जी आणि 'माला'चा एम घेऊन आपल्या अकलेने ते आखूड केलं. पुढं चार वर्षं सासूबाई दुपारी मोबाइल घेऊन बसल्या, की अण्णा पाहुण्यांना अभिमानाने सांगत, "तिचा स्वाध्याय चाललाय."

"आई," चंदनाने आत हाक मारली, "तुमच्याकडं पाहुणे आलेत."

गुणमाला पदराला हात पुसत बाहेर आल्या. सदुसष्ट वर्षांची, चवळीच्या शेंगेसारखी बाई. आकारामने त्यांच्या मागे कुणी येतंय का ते पाहिलं. कुणी आलं नाही. मग त्याच्या ध्यानात आलं. तो जागच्या जागी ताठ झाला आणि त्याने खाडकन सलाम ठोकला.

"म्हंजे तुमी आकाराम व्हय," गुणमाला म्हणाल्या. "मला वाटलं तुमी जाड असाल. आत या. च्या घ्या."

* * *

घरात आज सगळे होते आणि हीच चंदनाला सकाळपासूनची धास्ती होती. उद्या पंचमी, जैनांच्या दहा दिवसांच्या दशलक्षण पर्वाचा पहिला दिवस. सासूबाई दहा उपवास धरणार म्हणून जिनेंद्र काल संध्याकाळच्या गाडीने साताऱ्याहून आला होता, दोन वर्षांनी. दोन वर्षांपूर्वी द्राक्षाची छाटणी तोंडावर असताना तो न विचारता नोकरीवर निघून गेला आणि अण्णांनी त्याच्याशी बोलणं टाकलं. बाहेर हाकलला नाही, शिव्या दिल्या नाहीत. नुसतं बोलणं टाकलं. कालपासून बापलेक एका खोलीत बसत होते आणि चंदना दोघांच्या मधला टेलिफोन झाली होती.

"चंदना," सोप्यावर बसलेले अण्णा म्हणाले, "ही मंडळी काय म्हणत्यात, त्याला काय कळतंय का विचार."

जिनेंद्र चार हातांवर बसला होता.

"भाऊजी, अण्णा विचारतात, तुम्हाला ह्यातलं काय कळतंय का?"

"वहिनी, अण्णांना सांगा, कळतंय. आईची ढाल उद्या दुपारी बाराला संपतीय."

आकारामने मांडी सावरली आणि युद्धाची परिस्थिती सांगायला घेतली. लोणंद जंक्शन म्हणजे त्यांची टोळी, एकूण सत्तेचाळीस गढ्या. त्यात निम्मे रिटायर फौजी, बाकीचे दुकानदार, एक तलाठी. समोर आटपाडीच्या ऋषिराजची टोळी, नाव माणदेशी वादळ. सगळी तरणी पोरं, खिशात हात घालून खेळणारी. दोनशे भरले की वाडा एका मिनिटात उभा, पाचशे भरले की फौज दुप्पट. आणि जीएम साहेबांच्या कोठारात एकवीस कोटी पोती धान्य.

"किती?" भरतेश दारातूनच ओरडला. तो आत्ताच दुकानातून आला होता.

"एकवीस कोटी चाळीस लाख," गुणमाला म्हणाल्या. "चाळीस कालच्याला आले."

त्या धान्यावर लुटारू येऊ नयेत म्हणून गढीवर ढाल असते. ती ढाल गुणमालाबाईंना आजवर फुकट मिळत आली होती. रोज खेळ उघडून हजेरी लावली, की आठवड्याला एक ढाल बक्षीस. चार वर्षांत त्यांची एक हजेरी चुकली नव्हती. थोरल्या नातवाच्या बारशाला त्यांनी पाळण्याआड जाऊन लावली होती. पण मागच्या वर्षी ऐन प्रवचनात त्यांच्या पिशवीतून कोठार भरल्याची घंटा वाजली. महाराज बोलायचे थांबले, सगळी सभा वळून बघायला लागली. म्हणून आज सकाळी त्यांनी देवळात सगळ्यांसमोर नियम घेतला: उद्या सूर्योदयापासून दहा दिवस मोबाइलला हात लावणार नाही. हजेरी नाही म्हणजे ढाल नाही. टोळीला त्यांनी हे कळवलं ते एका ओळीत, "दहा दिवस नाही. शेतं बघा." आणि लोणंदमध्ये आकारामच्या हातातला मोदक गळून पडला.

"विकतची ढाल मिळती," जिनेंद्र म्हणाला. "तीन दिवसांची चारशे एकोणपन्नासला. चार घ्याव्या लागतील. वहिनी, अण्णांना सांगा, मी भरतो."

"घेऊन टाक," भरतेश लगेच म्हणाला. आयुष्यात पहिल्यांदा तो धाकट्या भावाच्या बाजूने बोलत होता. "एवढा माल उघड्यावर टाकून कुणी जातंय का? यार्डात असता तर आपण राखणदार ठेवला असता. पाव्हणं, आज भाव काय हाय त्याला?"

"भाव म्हंजे?"

"विकायला काढला तर?"

"विकता येत न्हाई. सैन्याला खायला घालायचं फक्त."

"मग तो माल कसला?" भरतेश तेवढ्यातच फिरला आणि अण्णांच्या शेजारी जाऊन बसला. "काय नको घ्यायला. येड्याचा बाजार."

"आणि मीबी देऊ देणार न्हाई," गुणमाला म्हणाल्या. "चार वर्षांत मी एक रुपया दिला न्हाई. ती पोरं पैसे भरून वाडा एका मिनिटात बांधत्यात, मी चौदा दिवस थांबते. तो खेळ घाई विकतो. मला घाई न्हाई, तर मी काय म्हणून घेऊ?"

"आवं पण आता घाई हाय की, सायेब!" आकाराम काकुळतीला आला. "मॅडम. मावशी. मी भरतो. माझ्या पेन्शनीतनं भरतो."

"पाहुण्याकडनं?" अण्णा गरजले. "आमच्या घरच्या गढीला?"

ते 'आमच्या घरच्या' ऐकून चंदनाने मान वर केली. अर्ध्या तासापूर्वी ती गढी कशाशी खातात हे त्यांना माहीत नव्हतं.

तिला एक तोड सुचली. "आई, तुम्ही नियम घेतलाय. आम्ही घेतला नाही. उद्या तुम्ही देवळात असताना आम्हीच ढाल घेतली तर?"

गुणमालाबाईंनी हताशपणे तिच्याकडे पाहिलं. "अगं, आपण करायचं न्हाई, दुसऱ्याकडनं करून घ्यायचं न्हाई, आणि कुणी केलं तर त्याला मनातनं बरं म्हणायचं न्हाई. कृत, कारित, अनुमोदना. तिन्हीचं पाप सारखंच. तू मला सांगितलंस, मी गप्प बसले, झाली की अनुमोदना."

"मग तुम्ही ऐकूच नका."

त्यांनी थोडा विचार केला. मग खरंच दोन्ही कानांत बोटं घातली, डोळे मिटले आणि ओठांनी णमोकार मंत्र सुरू केला. सोप्यावर खलबत जमलं. ढाल कुणाच्या खात्यातून घ्यायची, भरतेशला पटवायचं कसं, देवळातल्या उपाध्यांना विचारायचं का. आकाराम आवाज खाली आणून म्हणाला, "एकवीस कोटी पोत्यांचा सवाल हाय."

"एकवीस कोटी चाळीस," गुणमाला डोळे न उघडता म्हणाल्या.

"तुम्ही ऐकताय, आई!" चंदना ओरडली.

"बोटं सटकली."

* * *

हे असंच संध्याकाळपर्यंत चाललं असतं. पण अण्णांच्या डोक्यात दुसरंच काही शिरलं होतं.

"ढाल ऱ्हाऊ दे बाजूला," ते म्हणाले. "हे धान्य चार वर्षं जातंय कुठं?"

"आमच्या फौजंला," आकारामची छाती फुगली. "जीएम सायेब मागं हायत म्हणून आमी ह्या वर्षात सोळा चढाया मारल्या. सोळाच्या सोळा फत्ते! पोटात अन्न आसलं की शिपाई मागं बघत न्हाई. ऋषिराजच्या तीन गढ्या जाळल्या आमी, पार राख."

सोप्यावरचे सगळे गुणमालाबाईंकडे बघायला लागले. बाहेर गल्लीतल्या मंडळाच्या गणपतीसमोर कुणीतरी माइक तपासत होतं, हॅलो, हॅलो. आपण काय बोललो ते आकारामला कळलं नाही, पण काहीतरी बिघडलं एवढं कळलं, आणि त्याने चहाचा रिकामा कप पुन्हा तोंडाला लावला.

गुणमालाबाईंनी कानातली बोटं काढली. "मी कुणावर चढाई केली न्हाई," त्या म्हणाल्या. "माझ्या गढीत बराक न्हाई. मी बांधलीच न्हाई. लोक हसायचे. मी दवाखाने बांधले, चार."

"मी कुठं म्हणतोय तू मारलंस," अण्णा हळू आवाजात म्हणाले. "खायला घातलंस एवढंच म्हणतोय."

"अण्णा, खोटी माणसं आहेत ती," चंदनाला राहवेना. "चित्रं आहेत."

"चित्रं तर चित्रं. हिला ती खरी वाटत होती म्हणून तर दवाखाने बांधले."

सासूबाईंचा चेहरा चंदनाने असा कधी पाहिला नव्हता. पंचेचाळीस वर्षं त्या बाईने सूर्य मावळल्यावर पाण्याचा घोट घेतला नव्हता, कांदा-बटाट्याला हात लावला नव्हता, पायाखाली मुंगी येईल म्हणून अंगणात वाकून चालत होती. आणि आता तिला कुणी सांगत होतं, की तीन गढ्या तिच्या धान्यावर जळाल्या. हसावं की त्यांच्याजवळ जाऊन बसावं, ते चंदनाला कळेना. जिनेंद्र मात्र उठला आणि आईजवळ जाऊन जमिनीवर बसला. अण्णांनी ते पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं.

मग गुणमाला म्हणाल्या, "जिनू, त्या आटपाडीच्या पोराला फोन लागतो का?"

"ऋषिराजला?" आकाराम ताडकन उठला. "दुश्मनाला?"

"उद्या तो माझं धान्य लुटणार. मग त्याला चोरीचं पाप. मी ढाल घेतली, तर धान्य ऱ्हातंय, आणि ते खाऊन तुमी त्याला जाळणार. त्याचं पाप मला. आणि मी आत्ता, नियम लागायच्या आत, सगळंच त्याला देऊन टाकलं तर?" त्यांनी सगळ्यांकडे पाहिलं. "दिल्यावर चोरी कशी व्हईल?"

भरतेश पुटपुटला, "हिशेबाला बरोबर हाय."

अडचण एकच होती. धान्य फक्त आपल्या टोळीत देता येतं. म्हणजे आधी लोणंद जंक्शन सोडून माणदेशी वादळात जावं लागणार. हे ऐकल्यावर आकारामचे डोळे भरून आले. "मावशी, मिल्ट्रीत ह्याला कोर्ट मार्शल हुतंय," तो म्हणाला. "सत्तेचाळीस गढ्यांना मी काय तोंड दाखवू? तुमी तिकडं गेला, की मग मलाच तुमच्यावर चढाई करायला लागंल."

"करा की. कोठारात काय नसंल."

"मग कशाला करू?"

"तेच म्हणते मी."

जिनेंद्रने खेळातूनच ऋषिराजला आवाजी कॉल लावला आणि मोबाइल मधे ठेवला. पलीकडून ढोल-ताशांच्या आवाजात एक पोरगा ओरडला, "कोण बोलतंय?"

"जीएम पाटील," गुणमाला म्हणाल्या.

पलीकडचे ढोल लांब गेले. तो बहुतेक कुठल्यातरी बोळात शिरला. "जीएम पाटील? बाई हाय व्हय तुमी?"

"तू उद्या बाराला माझ्यावर येणार हाईस ना? यायची गरज न्हाई. मला तुझ्या टोळीत घे. सगळं धान्य आत्ताच पाठवते."

"किती घेणार?"

"काय न्हाई. फुकट."

"आज्जी," ऋषिराज त्यांना समजावल्यासारखं हळूच म्हणाला, "फुकट काय नसतंय. ह्या खेळात तर न्हाईच. खेळबी फुकटच हुता. माझे अठ्ठेचाळीस हजार गेले. काय डाव हाय तुमचा?"

"डाव न्हाई रं बाळा. उद्यापासनं माझा उपवास हाय."

"उपवासाचा आणि धान्याचा काय संबंध?"

गुणमाला गडबडल्या. एवढा साधा प्रश्न त्यांना आजवर कुणी विचारला नव्हता. शेवटी अण्णाच पुढं वाकले आणि मोबाइलवर खेकसले, "ए पोरा, बाई देतीय तर घे गुमान! आसंच बोलत ऱ्हायलास, तर दिवस मावळंल आणि आमची जेवणं ऱ्हातील."

ऋषिराजने घाबरून त्यांना टोळीत घेतलं.

एकवीस कोटी चाळीस लाख पोती पाठवायला पाऊण तास लागला, कारण गाड्या एका वेळी पन्नास लाखच नेत. गुणमाला बोटाने एकेक गाडी सोडत होत्या आणि प्रत्येक गाडीला काहीतरी पुटपुटत होत्या. शेवटची गेल्यावर त्यांनी मोबाइल चंदनाच्या हातात दिला आणि पानं वाढायला गेल्या. आकारामने पोटभर जेवून निरोप घेतला. पायरीशी बूट घालताना तो चंदनाला म्हणाला, "सायेब गेले आमचे."

* * *

दुसऱ्या दिवशी गुणमाला सकाळीच देवळात गेल्या. भरतेश दुकानात गेला. अण्णा शेताकडे गेले आणि अकरालाच परत आले. बागेत पाय रुततोय म्हणाले, पण त्यांच्या चपला कोरड्या होत्या.

पावणेबाराला ते स्वयंपाकघराच्या दारात आले. "चंदना, ते यंत्र बंद हाय का चालू, तेवढं बघावं म्हणतो. हात न लावता."

तिने मोबाइल सोप्यावरच्या तक्क्याला टेकवून उभा केला आणि खेळ उघडून दिला. जिनेंद्र साताऱ्याला परतायला बॅग भरत होता, तोही ती हातात घेऊनच दाराला टेकला. बाराला गढीभोवतीचा ढालीचा निळा गोल विझला. तिघेही पडद्याकडे वाकले. कुणी आलं नाही. पाच मिनिटं गेली, दहा गेली. ऋषिराज आता आपला होता, आकाराम यायचा नव्हता, आणि रिकाम्या गढीवर परका कशाला फिरकेल?

"झालं," चंदना म्हणाली आणि आमटीकडे बघायला आत गेली.

ती परत आली तेव्हा अण्णा चष्मा कपाळावर सारून मोबाइलच्या अगदी जवळ बसले होते. पडद्यावर नवीनच चित्र आलं होतं. गढीच्या दाराशी बायका, म्हातारे, लहान पोरं बसलेली, पोटं खपाटीला गेलेली. एक पोरगी रिकामी थाळी पुढं करून टिपं गाळत होती. वर लिहिलं होतं, 'राजे, तुमचं कोठार रिकामं आहे! प्रजा उपाशी आहे!' खाली लाल चौकोनात, 'एक लाख पोती, आज फक्त ८९ रुपये.'

"हे कवाधरनं रडतंय?" अण्णांनी विचारलं.

"ते पैशासाठी आहे, अण्णा. सगळ्यांना दाखवतात."

"ते मलाबी कळतंय. पण पोरगी रडतीय न्हवं?"

देवळात बायको आपखुशीने अन्नावाचून बसली होती आणि त्याचं त्यांना काही वाटत नव्हतं. पण ती पोरगी व्रत घेऊन बसली नव्हती. अण्णांनी एकदा देवळाच्या रस्त्याकडे पाहिलं, एकदा पडद्याकडे. घसा खाकरला. चंदना वाट बघत उभी राहिली, आता आपलं नाव घेऊन हाक येईल, निरोप येईल, म्हणून.

"जिनू," अण्णा म्हणाले, "ह्यात पैसे कसे भरायचे रं?"

चंदनाच्या हातातली पळी तशीच राहिली. दोन वर्षांत त्या तोंडून ते नाव निघालं नव्हतं.

जिनेंद्र आला, वाकला. "हितं दाबायचं, अण्णा. मग नंबर टाकायचा. मी माझ्या..."

"माझ्या खात्यातनं. सांग तू नुसतं."

त्यांनी जाड बोटाने एकेक आकडा दाबला, दोनदा चुकले, तिसऱ्यांदा जमलं. थाळी भरली. पोरगी हसली. अण्णांनी सुस्कारा टाकून चष्मा खाली ओढला, आणि तेवढ्यात ते चित्र सरकून दुसरं आलं: हडकलेल्या गाईंचा गोठा, आणि खाली १९९.

"आता म्हणतंय गुरांना चारा न्हाई," अण्णा चिंतेने म्हणाले. त्यांनी तक्क्या सरकवून बाजूला जागा केली. "बस हितं. बॅग ठेव ती खाली. हे एकट्याच्यानं व्हायचं न्हाई."